पायाच्या फुगलेल्या शिरा आणि बिनटाक्याचा इलाज



उसाला पाणी पाजायचे म्हणजे पाय चिखलात आणि दारे धरून तासन्‌तास उभे राहणे. रात्रीची लाइट असली तर रात्रभर. शिवाय लागण, खुरपणी, भरणी आहेच, आणि हंगामात काट्यावर नंबर लागेपर्यंत ताटकळणे वेगळे. अशा कामात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या पोटरीवर हिरव्या-निळ्या गाठाळ शिरा उठल्या तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही. "शिरा फुगल्यात, वयाचं आहे," एवढ्यावर विषय मिटतो. डॉक्टर मंडळी याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय म्हणजे बेणे, खते, पाणी आणि ऊसबिल. या अंकात शिरांविषयी लिहायचे आम्ही ठरवले त्याला कारण आहे. या दुखण्याचा इलाज गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलून गेला, पण आपल्या गावांतून अजून दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, "ऑपरेशनात मांडीपासून घोट्यापर्यंत पाय फाडतात." दुसरी, "मलम लावत राहा, वाळेल." पहिलीच्या भीतीने माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि दुसरीच्या भरवशावर घोट्याजवळची जखम वर्षानुवर्षे बांधत बसतो.

पायातली उपसा योजना

हृदयाकडून पायाकडे रक्त नेतात त्या रोहिण्या, आणि पायाकडून हृदयाकडे परत आणतात त्या नीला. आपण बोलताना ज्याला शिरा म्हणतो त्या या नीला. रक्ताला जाताना उतार मिळतो, येताना सगळा चढ. नदीवरून माळावर पाणी उचलण्यासारखेच हे काम आहे. मग मोटर कुठे? मोटर आहे पोटरीत. आपण चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. सरकलेले रक्त माघारी येऊ नये म्हणून शिरांच्या आत जागोजागी नाजूक पाकळ्यांच्या झडपा बसवलेल्या आहेत. त्या वरच्या बाजूला उघडतात आणि खाली यायला निघालेल्या रक्ताला अडवतात.

विहिरीवरचा फूटव्हॉल्व्ह, ज्याला सारे जण 'फुटबॉल' म्हणतात, तो गळायला लागला की काय होते हे सभासदांना सांगायला नको. मोटर बंद केली की पाइपातले पाणी विहिरीत उतरते. पायातही तेच. झडपा सैल पडल्या की वर चढलेले रक्त पुन्हा खाली येते, खालच्या झडपेवर भार वाढतो, तीही सैल होते, आणि कातडीखालची शीर हळूहळू फुगून वेडीवाकडी होते.

यातला एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. माणूस न हलता उभा असला की पावलापाशी शिरेतला दाब साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तोच माणूस चालू लागला की पोटरीची मोटर सुरू होऊन दाब ३० च्या खाली उतरतो. झडपा गळक्या असल्या तर चालूनसुद्धा तो म्हणावा तसा उतरत नाही. म्हणजे पायाला विश्रांती अशी मिळतच नाही, आणि पुढचे सगळे रामायण यातूनच घडते. संध्याकाळी पाय भरून येतात, घोट्याला सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मग घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी होत होत काळी पडते, खाज सुटते, जागा टणक होते. शेवटी एखादा धसकट लागल्याचे किंवा पाचटाने खरचटल्याचे निमित्त होते आणि जखम पडते ती भरत नाही.

सगळा दोष शेतीकामाचा आहे असे मात्र नाही. आईला किंवा वडिलांना हा त्रास असेल तर मुलांना होण्याचा संभव जास्त. बायकांना बाळंतपणांनंतर होतो. वय आणि वजन यांचाही वाटा असतो. पण उभ्या कामाचा संबंध नक्की आहे. डेन्मार्कमध्ये कामकरी लोकांची १२ वर्षे पाहणी करून २००५ साली निष्कर्ष छापले गेले. बहुतेक वेळ उभे राहून काम करणाऱ्यांवर या शिरांसाठी रुग्णालयात दाखल होण्याची पाळी इतरांपेक्षा पावणेदोन पटीच्या आसपास जास्त आली होती. आपल्या कारखान्यात पॅनवर आणि सेंट्रिफ्यूगलवर पाळी करणाऱ्या कामगारांनीही हे वाचावे.

शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?

हा प्रश्न आम्हाला ज्याने त्याने विचारला आहे, आणि प्रश्न रास्त आहे. कारण आजचा इलाज म्हणजे नासलेली शीर दुरुस्त करणे नव्हे, ती कायमची बंद करणे.

पायात शिरांचे दोन थर असतात. एक कातडीखाली, जो आपल्याला दिसतो. दुसरा खोल, स्नायूंच्या आत. पायातले साधारण नव्वद टक्के रक्त खोलच्या शिरांतून वर जाते. तो मुख्य कालवा समजा. वरची शीर म्हणजे एक चारी. ती चारी इतकी फुटली आहे की तिच्यातून पाणी पुढे जायच्या ऐवजी मागे येऊन शेत बुडवते आहे. असल्या चारीचे तोंड बंद केले तर शेताचे नुकसान होत नाही, उलट पाणी कालव्याने नीट जाते. अट एवढीच की मुख्य कालवा मोकळा असला पाहिजे. म्हणून आधी कलर डॉप्लर नावाची सोनोग्राफी करतात. तीत खोलच्या शिरा मोकळ्या आहेत का, गळती कोणत्या झडपेपासून सुरू झाली आणि रक्त किती वेळ उलटे वाहते हे पडद्यावर दिसते. वरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटा प्रवाह दिसला तर झडप गळकी धरतात.

इथे सभासदांना एक खूण सांगून ठेवतो. गळती शोधण्याची ही तपासणी रुग्णाला उभे करून करायची असते. झोपल्यावर रक्ताला खाली यायला उतारच राहत नाही, मग गळती दिसणार कशी? नुसते पलंगावर झोपवून पाच मिनिटांत रिपोर्ट हातात ठेवला तर "उभं राहून बघायचं नाही का?" असे बेधडक विचारावे.

काही जण असेही म्हणतात, की पायाची शीर पुढे हृदयाच्या बायपासला लागते, ती कशाला घालवायची? निरोगी शीर लागते हे खरे. पण फुगून गाठाळलेली शीर त्या कामालाही सहसा घेत नाहीत.

पूर्वी काय होत असे

जुन्या शस्त्रक्रियेची भीती लोकांना उगीच बसलेली नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा सेनापती मारियस याच्या पायाच्या शिरा कापल्याची हकिगत प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. भूल नव्हतीच. मारियसने स्वतःला बांधून न घेता एक पाय मुकाट्याने कापून घेतला. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र, एवढ्या यातना सोसण्याइतका फायदा यात दिसत नाही, असे सांगून त्याने नकार दिला. इतका सोशिक माणूस, पण हिशेबाला पक्का!

पुढे जर्मनीचे शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९०-९१ च्या सुमारास मांडीत शीर बांधून टाकण्याची रीत प्रसिद्ध केली. अमेरिकेचे बॅबकॉक यांनी १९०७ साली शिरेच्या आत लांब तार घालून ती शीर उपटून काढण्याची पद्धत सांगितली. जांघेत काप, खाली काप, आणि मधली शीर ओढून बाहेर. पाठीत इंजेक्शन किंवा पुरी भूल, मांडीभर काळेनिळे, आणि कामावर यायला दोन-तीन आठवडे, कधी जास्तही. जवळजवळ शंभर वर्षे हाच मुख्य इलाज होता आणि त्याने गुणही येत असे. काही रुग्णांना तो आजही करावा लागतो. गावातल्या ज्या म्हाताऱ्यांनी विसाव्या शतकात ऑपरेशन करून घेतले त्यांचे अनुभव म्हणूनच खोटे नाहीत, पण तो काळ मागे पडला.

आता काय करतात

१९९० नंतरच्या दशकात डॉक्टरांनी वेगळा विचार केला. शीर उपटण्याऐवजी तिला जागेवरच आतून भाजून मिटवली तर? रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करण्याच्या यंत्राला अमेरिकेत १९९९ साली परवानगी मिळाली, लेसरला २००२ साली.

प्रत्यक्ष काम असे चालते. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत गुडघ्याच्या आसपास शिरेत सुई घालतात, सलाइन लावताना घालतात तशीच. त्या सुईवाटे केसाइतकी नाही पण दोऱ्याइतकी बारीक फायबर किंवा नळी शिरेतून जांघेपर्यंत वर सरकवतात. जिथे ही शीर खोलच्या मोठ्या शिरेला मिळते त्या संगमाच्या साधारण दोन सेंटिमीटर अलीकडे ती थांबवतात, कारण मुख्य कालव्याला धक्का लागता कामा नये. मग शिरेच्या भोवती, मांडीभर, मिठाचे पाणी आणि जागा बधिर करणारे औषध मिसळून सुईने भरतात. या पाण्याची कामे तीन आहेत: जागा बधिर होते, शीर दाबली जाऊन नळीला चिकटते, आणि उष्णता बाजूच्या मज्जातंतूंना व कातडीला पोचत नाही. रुग्णाला या टोचण्याचाच काय तो त्रास. नंतर यंत्र सुरू करून नळी हळूहळू खाली ओढत आणतात. रेडिओलहरींच्या नळीचे टोक १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि २० सेकंदांत सुमारे सात सेंटिमीटर शीर मिटवते, मग पुढचा तुकडा. एका पायाला सगळे मिळून पाऊण तास ते तास. टाका नाही. रुग्ण स्वतःच्या पायांनी टेबलावरून उतरतो, आणि त्याला लगेच चालायलाच लावतात, कारण पोटरीची मोटर चालू राहिली म्हणजे रक्त गोठण्याचा धोका कमी होतो. मिटलेली शीर दोरीसारखी आखडते आणि काही महिन्यांत शरीर ती जिरवून टाकते.

वर दिसणारे मोठे गुंते राहिले तर दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रांतून ते आकड्याने काढतात, नाही तर फेसाचे इंजेक्शन देतात. हा फेस मोठा गमतीचा. इटलीच्या टेसारी नावाच्या डॉक्टरांनी २००० साली दाखवून दिले की दोन सिरिंजा आणि मध्ये तीन तोंडांची चावी घेऊन औषध व हवा इकडून तिकडे घुसळली की घट्ट फेस तयार होतो. औषध पातळ असले तर रक्तात वाहून जाते, फेस शिरेत ठासून बसतो आणि तिच्या भिंती चिकटवतो. हा प्रकार सगळ्यांत स्वस्त, पण कधी कधी दोन-तीनदा करावा लागतो आणि कातडीवर डाग राहू शकतात. चौथा प्रकार गोंदाचा. शिरेत थेंब-थेंब गोंद सोडून ती चिकटवतात. यात भाजणे नाही आणि मांडीभर सुया नाहीत, पण खर्च सगळ्यांत जास्त पडतो.

कोणता निवडावा? ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने २०१३ साली क्रम घालून दिला: शक्य असेल तर आधी लेसर किंवा रेडिओलहरी, ते जमत नसेल तर फेस, तेही जमत नसेल तर जुनी शस्त्रक्रिया. त्याच देशात ७९८ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत लेसर आणि शस्त्रक्रिया झालेल्यांचे पाय फेसवाल्यांपेक्षा सुखात होते. लेसर आणि रेडिओलहरी यांत डावे-उजवे करण्यासारखे फारसे नाही. नवे मशीन आणले म्हणून जाहिरात करणाऱ्यापेक्षा, असे काम नेहमी करणारा आणि सोनोग्राफी स्वतः नीट पाहणारा डॉक्टर गाठावा, असे आमचे मत आहे.

घोट्याची जखम कातडीची नव्हे

सगळ्यांत कळकळीने सांगायचे ते इथे. घोट्याच्या आतल्या बाजूची न भरणारी जखम हा पुष्कळदा कातडीचा रोग नसतोच. वर झडप गळते आहे म्हणून खाली कातडी सडते. विहिरीचा फूटव्हॉल्व्ह गळत असताना वरच्या पाइपाला रंग देऊन काय उपयोग? आमच्या ओळखीत असे बागायतदार आहेत की ज्यांनी मलमाच्या ट्यूबा, हळद, पाल्याचा लेप आणि जळवा यांत आठ-दहा वर्षे घालवली, आणि पायाची एकदाही सोनोग्राफी केली नाही.

पूर्वी डॉक्टरही म्हणत, आधी पट्ट्या बांधून जखम भरू दे, मग शिरांचे बघू. २०१८ साली ब्रिटनमध्ये अशा ४५० रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. सगळ्यांना दाबाच्या पट्ट्या होत्याच. निम्म्यांची शीर दोन आठवड्यांच्या आत बंद केली, निम्म्यांची उशिरा. लवकर केलेल्यांची जखम भरायला मधला आकडा ५६ दिवसांचा लागला, उशिरावाल्यांना ८२ दिवसांचा. त्याआधी २००४ सालच्या चाचणीत नुसत्या पट्ट्या बांधलेल्यांपैकी २८ टक्के लोकांची जखम वर्षाच्या आत पुन्हा उघडली. पट्ट्यांबरोबर शिरांची शस्त्रक्रियाही केलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. तेव्हा ज्यांची कातडी काळी पडली आहे किंवा जखम आहे त्यांनी "हंगाम संपू दे, मग बघू" म्हणू नये. नुसत्या शिरा फुगल्या आहेत, पाय थोडे भरून येतात, एवढेच असेल तर सवडीने, तोडणी आटोपल्यावर केले तरी चालते. आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या रेषा दिसतात, दुखत काहीच नाही, त्यांना इलाजाची गरजच नाही. काटक माणसाच्या हातापायांच्या शिरा उठून दिसतात, तो तर रोगच नव्हे. "दोन्ही पायांचं एकदम पॅकेज" म्हणून कुणी गळ घातली तर डॉप्लरचा कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरचे मत जरूर घ्यावे.

दाबाचे मोजे, म्हणजे स्टॉकिंग, सूज आणि ठणका कमी करतात, पण झडप बरी करत नाहीत. घट्ट मोजे किंवा पट्टी स्वतःच्या मनाने मात्र बांधू नका. मधुमेह असलेल्या, तंबाखू-बिडी ओढणाऱ्या माणसाच्या रोहिण्याही अरुंद झालेल्या असू शकतात. आधीच रक्त कमी पोचणाऱ्या पायाला घट्ट आवळले तर तो काळा पडून गमवावा लागेल. डॉक्टर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात आणि मगच पट्टी देतात.

नव्या इलाजातही सगळेच गोडगोड नाही. मांडी आठवडाभर दोरी ओढल्यासारखी लागते, काळेनिळे होते, एखाद्या ठिकाणी बधिरपणा राहतो. क्वचित खोलच्या शिरेत गुठळी होते. आणि एक शीर बंद केली तरी काही वर्षांनी दुसरी फुगू शकते, कारण मुळातली प्रवृत्ती जात नाही. गरोदर बाईचा हा इलाज बाळंतपणापर्यंत थांबवतात, पुष्कळदा नंतर शिरा आपोआप ओसरतातही. उसाच्या फडात पोटुशी बाई मोळ्या वाहते तेव्हा तिच्या पायांकडे मुकादमाने आणि शेतमालकानेही पाहिले पाहिजे. तोडणीवाले आपले सभासद नसतील, पण आपला ऊस त्यांच्याच पायांवर कारखान्यात येतो.

घरी करण्यासारखे थोडे आहे. दारे धरताना एका जागी खिळून राहू नये, सरीच्या कडेने चालत राहावे. उभेच राहावे लागले तर टाचा वर-खाली कराव्यात. रात्री खाटेच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा लावाव्यात.

आता दोन तातडीच्या गोष्टी. फुगलेली शीर फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते. आपल्याकडे लगेच वरच्या बाजूला दोरी किंवा रुमाल आवळतात. ते करू नये, त्याने परतीची वाट अडून रक्त आणखी येते. माणसाला आडवे करावे, पाय छातीपेक्षा उंच धरावा, स्वच्छ फडक्याने जखमेवरच दहा-पंधरा मिनिटे न सोडता दाबून धरावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे. यात माणसे दगावलेली आहेत, आणि ती उभी किंवा बसलेली राहिल्याने. दुसरे, एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर तो खोलच्या शिरेतल्या गुठळीचा संशय धरावा. तेल लावून चोळू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि धाप किंवा छातीत कळ असेल तर तासही घालवू नये.

तपासणीला जाताना मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या आणि विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. खर्चाचा प्रश्न ज्यांना आहे त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटावे. आपल्या इलाजाचा समावेश होतो का आणि कागद कोणते लागतात ते त्याच्याकडून विचारून घ्यावे, शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवावे.